साधं जगणं आणि रोजचा चांगुलपणा: क्रम कसा लावायचा, कुठे चुकतं

साधं जगायचं ठरवलेली बहुतेक माणसं पहिल्याच सुट्टीच्या दिवशी कपाट उघडतात. दिवसभर उपसाउपसी होते, पिशव्या भरतात, रात्री घर मोकळं दिसतं आणि मनही हलकं होतं. दोन-तीन महिन्यांत तेच कपाट पुन्हा ओसंडून वाहतं. चांगुलपणाचंही तसंच होतं. आजपासून सगळ्यांच्या उपयोगी पडायचं असं ठरतं, जो मागेल त्याला होकार मिळतो, आणि थोड्याच दिवसांत माणूस थकतो, चिडचिडा होतो. ज्यांना मदत केली त्यांच्यावरच राग निघायला लागतो. मग वाटतं, हे ऐकायला ठीक आहे, आपल्याच्याने होणार नाही.

होतं. बहुतेक वेळा फक्त क्रम चुकलेला असतो. वस्तू कमी करणं हे चौथं काम आहे, पहिलं नव्हे. आणि कुणाच्या उपयोगी पडायचं तर आधी हाताशी थोडा मोकळा वेळ असावा लागतो. साधेपणामुळे वेळ आणि लक्ष सुटं होतं, ते माणसांकडे वळवलं की समाधान मागून येतं. पुढचे सात टप्पे याच क्रमाने लावले आहेत. एकूण तीन ते चार महिने धरा, आणि टप्पे गाळून पुढे जाऊ नका.

## पूर्वतयारी: एक आठवडा, एक वही

एक साधी वही घ्या. नवी विकत आणू नका, अर्धी भरलेली चालेल. पानावर तीन रकाने आखा: वेळ, पैसा, मन. सात दिवस रोज लिहा.

वेळेच्या रकान्यात साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाने काय केलं ते. पैशाच्या रकान्यात प्रत्येक खर्च, कितीही किरकोळ असला तरी. मनाच्या रकान्यात दोन-तीन शब्द पुरेत: ‘घाई’, ‘कंटाळा’, ‘बरं वाटलं’, ‘उगाच चिडलो’. मोबाइल किती वेळ पाहिला ते अंदाजाने लिहू नका. फोनच्या सेटिंगमध्ये रोजचा आकडा मिळतो, तोच उतरवा.

या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. इथे फार जण चुकतात. लिहायला लागलं की आपलीच लाज वाटते आणि दुसऱ्या दिवसापासून माणूस शहाण्यासारखा वागायला लागतो. मग वहीत तुमचं खरं जगणं उतरतच नाही आणि पुढचे सगळे निर्णय चुकीच्या माहितीवर होतात. ही वही कुणाला दाखवायची नाही. त्यामुळे खरं लिहा.

आठव्या दिवशी ती सलग वाचा. ज्यानंतर मन बरं होतं अशा नोंदी अधोरेखित करा. ज्यानंतर रितं किंवा चिडचिडं वाटलं त्यांच्यापुढे फुली मारा. या दोन खुणा पुढे प्रत्येक टप्प्यावर लागणार आहेत.

सुरुवात करण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली: तुमची अडचण जास्तीची आहे की कमतरतेची? ज्याच्या गरजाच भागत नाहीत त्याला ‘कमी करा’ असं सांगणं क्रूर आहे. साधेपणा स्वतः निवडलेला असतो, ओढाताण निवडलेली नसते. उत्पन्न पुरत नसेल तर टप्पा तीन आणि चार सोडून द्या. तुमचं पहिलं काम उत्पन्न वाढवण्याचं किंवा हक्काची मदत मिळवण्याचं आहे. बाकीचे टप्पे मात्र तुमच्याही कामाचे आहेत.

दुसरी: दोन आठवडे किंवा जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी सांगा आणि वैद्यकीय मदत घ्या. कपाट आवरून हा आजार बरा होत नाही, आणि तसा तो बरा झाला नाही म्हणून स्वतःला दोष देण्याचंही काही कारण नाही.

तिसरी: घरात तुमच्याबरोबर कोण राहतं? त्यांना आधीच सांगा, ‘मी माझ्या गोष्टींत काही बदल करणार आहे. तुमच्या वस्तूंना, तुमच्या सवयींना हात लावणार नाही.’ आणि हे वाक्य पाळा.

सूचना: ‘आज मी आनंदी आहे का?’ असं रोज स्वतःला विचारू नका. २०११ साली आयरिस मॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही जणींना आधी आनंदाचं महत्त्व ठसवणारा मजकूर वाचायला दिला आणि मग एक आनंदी चित्रफीत दाखवली. तो मजकूर न वाचलेल्यांपेक्षा या स्त्रियांना आनंद कमी वाटला. आनंदावर सतत नजर ठेवली की आपण अपेक्षेपेक्षा किती कमी पडतोय हेच दिसत राहतं. म्हणून महिनाभर फक्त ठरवलेली कामं केली की नाही एवढंच पाहा.

## टप्पा १: ‘पुरेसं’ म्हणजे किती, ते लिहून काढा

‘कमी हवं’ हे उद्दिष्ट चालत नाही, कारण कमीला तळ नाही. ‘पुरेसं’ याला आकार देता येतो. जगण्याचे पाच-सहा विभाग घ्या (कपडे, घरातल्या वस्तू, कामाचे तास, मोबाइल, बाहेरच्या जबाबदाऱ्या, खर्च) आणि प्रत्येकाबद्दल एक वाक्य लिहा. वाक्य असं असावं की ते पाळलं की नाही हे दुसऱ्या कुणालाही सांगता येईल.

‘कपडे मर्यादित ठेवेन’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘माझे सगळे कपडे एका कपाटात, न कोंबता मावतील’ हे चालेल. ‘मोबाइल कमी बघेन’ याऐवजी ‘रात्री झोपायच्या खोलीत मोबाइल नसेल’ असं लिहा.

ही रेघ आधी ओढावी लागते, याला कारण आहे. नव्या गोष्टीची आपल्याला फार लवकर सवय होते. मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली मोठी लॉटरी लागलेल्या २२ जणांचा अभ्यास केला. ते इतरांपेक्षा फारसे आनंदी नव्हते, आणि रोजच्या साध्यासुध्या गोष्टींतून त्यांना मिळणारा आनंद मात्र इतरांपेक्षा कमी होता. अभ्यास लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण पगार वाढला, मोठं घर झालं, नवी गाडी आली आणि काही महिन्यांत ते सगळं अंगवळणी पडलं, हा अनुभव कुणाला नाही? रेघ आखलेली नसेल तर ‘आणखी थोडं’ कधीच संपत नाही.

तपासणी: तुमची वाक्यं दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाचा. एखादं वाक्य वाचून धास्ती वाटली तर ते सैल करा. शिक्षेसारखी वाटणारी मर्यादा फार दिवस पाळली जात नाही.

## टप्पा २: आधी वेळ मोकळा करा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि सगळ्यात जास्त गाळला जाणाराही. वस्तू आवरणं डोळ्यांना दिसतं, वेळ आवरलेला दिसत नाही. पण घाईत असलेला माणूस साधा राहू शकत नाही. घाईत तो सोयीसाठी जास्त खर्च करतो, थकव्यावर उतारा म्हणून खरेदी करतो आणि समोरच्याचं बोलणं अर्धवट ऐकतो. चांगुलपणाला लागणारी पहिली गोष्ट म्हणजे थांबायला मिळणारी दोन मिनिटं.

वही उघडा. फुली मारलेल्या नोंदींमध्ये ज्या तुमच्या इच्छेने थांबवता येतील त्या शोधा. त्यांतल्या सगळ्या नव्हे, फक्त तीन निवडा. बहुतेकांच्या वहीत त्या अशा असतात: मोबाइलवर सुटा-सुटा जाणारा वेळ, कधीतरी भिडेखातर स्वीकारलेली जबाबदारी, आणि स्वतःच वाढवून ठेवलेलं काम.

मोबाइलपासून सुरू करा, कारण त्यात कुणाचं मन दुखावण्याचा प्रश्न येत नाही. फोन आणि माणसांनी पाठवलेले थेट निरोप सोडून बाकी सगळ्या ॲपच्या सूचना बंद करा. ज्या ग्रुपवर तुम्ही महिनाभरात एकदाही बोलला नाहीत ते मूक करा. जेवताना आणि कुणाशी बोलताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पालथा घालून टेबलावर ठेवला तर हात त्याच्याकडे जातोच.

नकार कसा द्यायचा

जबाबदारी सोडणं अवघड वाटतं ते नकाराच्या भीतीने. आपल्याकडे एक वाईट सवय आहे: स्पष्ट ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘बघतो, सांगतो’ म्हणून वेळ मारून न्यायची. ऐकणाऱ्याला वाटतं काम होईल, तो दुसरी सोय करत नाही, आणि शेवटच्या क्षणी अडकतो. लवकर दिलेला स्पष्ट नकार ‘बघतो’पेक्षा कितीतरी दयाळू असतो.

नकाराची तीन वाक्यं पुरतात. विचारल्याबद्दल आभार, स्पष्ट नकार, आणि शक्य असेल तरच पर्याय. ‘मला विचारलंत, बरं वाटलं. या वेळी मला जमणार नाही. पुढच्या महिन्यात लागलं तर नक्की सांगा.’ कारणांची माळ लावू नका. प्रत्येक कारणावर समोरचा तोडगा काढतो आणि तुम्ही शेवटी हो म्हणून मोकळे होता. आणि खोटं कारण तर देऊच नका, ते लक्षात ठेवावं लागतं.

आधीच घेतलेली जबाबदारी सोडायची असेल तर मधूनच गायब होऊ नका. कधीपर्यंत करणार ते सांगा, दुसऱ्याच्या हाती नीट सोपवा, मग बाहेर पडा.

तपासणी: दोन आठवड्यांनंतर आठवड्यातून किमान तीन वेळा, प्रत्येकी अर्धा तास, तुमच्याकडे काहीही न ठरवलेला वेळ आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका. आणि हा मोकळा अर्धा तास नव्या छंदाने किंवा अभ्यासक्रमाने लगेच भरून टाकू नका. तो तसाच राहू द्या.

## टप्पा ३: आवक थांबवा

उघड्या नळाखालची बादली उपसत बसण्यात अर्थ नाही. वस्तू कमी करण्याआधी येणाऱ्या वस्तू थांबवल्या पाहिजेत. हा टप्पा सोपा आहे, फक्त सलग एक महिना करायचा आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर ‘थांबलेल्या वस्तूंची यादी’ करा. रोजच्या गरजेपलीकडचं काहीही घ्यावंसं वाटलं की ते तारखेसकट तिथे लिहा आणि ३० दिवस थांबा. महिना संपल्यावर तरीही हवं असेल, परवडत असेल आणि टप्पा १ मधल्या तुमच्या वाक्यात बसत असेल, तर निःशंक मनाने घ्या. बऱ्याच वस्तूंची नावं तोवर तुम्हाला परकी वाटतील.

त्याचबरोबर खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेली कार्डाची माहिती पुसून टाका. प्रत्येक वेळी आकडे भरावे लागले की हात थांबतो. जाहिरातींचे निरोप बंद करा. दर महिन्याला आपोआप पैसे कापून घेणाऱ्या सेवांची यादी बँकेच्या खातेउताऱ्यावरून काढा आणि गेल्या दोन महिन्यांत वापरली नाही ती बंद करा.

एक धोका सांगून ठेवतो. एक नवी, देखणी वस्तू घरात आली की तिच्या शेजारच्या जुन्या वस्तू अचानक कळाहीन दिसू लागतात आणि त्याही बदलाव्याशा वाटतात. एका खरेदीमागे चार खरेद्या येतात त्या अशा. म्हणून ‘फक्त एक’ वस्तू घेताना ती आणखी कशाकशाला बोलावणार आहे, हे त्याच यादीत शेजारी लिहा.

## टप्पा ४: आता वस्तू कमी करा

इथेही क्रम आहे. सोप्याकडून अवघडाकडे जायचं:

1. तुटलेल्या, संपलेल्या, मुदत उलटलेल्या वस्तू
2. एकाच कामाच्या दोन-तीन वस्तू
3. कपडे
4. कागदपत्रं
5. आठवणींच्या वस्तू

पुष्कळ लोक जुने फोटो आणि पत्रं घेऊन सुरुवात करतात. पहिला तास आठवणींत जातो, दुसरा हळवेपणात, आणि काम तिथेच संपतं. आठवणी शेवटी ठेवा. तोपर्यंत निर्णय घेण्याची सवय हाताला लागलेली असते.

एका वेळी एकच खण किंवा एकच फळी, आणि तास-दीड तासापेक्षा जास्त नाही. थकल्यावर माणूस एक तर सगळं ठेवतो, नाही तर सगळं टाकतो. दोन्ही निर्णय नंतर बोचतात.

वस्तू हातात घेतल्यावर ‘ही ठेवू का?’ असं विचारलं तर उत्तर बहुधा ‘ठेव’ असंच येतं, कारण आपली झाल्यावर वस्तू आपल्याला जास्त मोलाची वाटते. डॅनियल काहनेमन, जॅक नेत्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली मांडलेल्या प्रयोगांत ज्यांना कप दिला होता त्यांनी तो विकायला सांगितलेली किंमत, ज्यांच्याकडे कप नव्हता त्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीच्या आसपास होती. कप तोच, काही मिनिटांपूर्वी हातात आलेला. म्हणून प्रश्न बदला: ‘ही माझ्याकडे नसती तर आज मी ती घेतली असती का?’ उत्तर ‘नाही’ आलं की हातातून सोडणं सोपं जातं.

इथे होणाऱ्या चुका

दुसऱ्यांच्या वस्तूंना हात लावणं ही सगळ्यात मोठी. जोडीदाराची जुनी पुस्तकं, मुलांची खेळणी, आईवडिलांनी जपलेल्या गोष्टी तुम्हाला अडगळ वाटतील. त्या त्यांच्या आहेत. न विचारता फेकलेली एक वस्तू घरातला विश्वास अशी काही मोडते की पुढे तुमच्या साधेपणाचा सगळ्यांना धाक वाटायला लागतो.

आवरण्याआधी डबे, खोकी, खण-विभाजक विकत आणणं ही दुसरी चूक. सगळं कमी झाल्यावर बहुधा त्यांची गरज उरत नाही.

तिसरी चूक देताना होते. फाटकं, मोडकं, डागाळलेलं दुसऱ्याला देऊन मोकळं होणं म्हणजे आपला कचरा त्याच्या दारात नेऊन ठेवणं. तुम्ही स्वतः आनंदाने वापराल अशीच वस्तू द्या, ती धुऊन, पुसून, दुरुस्त करून द्या, आणि आधी विचारा: ‘हे तुमच्या उपयोगाचं आहे का? नको असेल तर मोकळेपणाने सांगा.’

कागद फाडण्याआधी मालमत्ता, कर, विमा, शिक्षण, आरोग्य यांचे कागद वेगळे काढा. कोणता कागद किती वर्षं ठेवायचा हे तुमच्या ठिकाणच्या नियमांप्रमाणे पाहून घ्या. जुना फोन किंवा संगणक देताना आपल्या खात्यांतून बाहेर पडा आणि सगळी माहिती पुसून टाका. उरलेली औषधं आणि बॅटऱ्या नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका. त्या वेगळ्या जमा करण्याची सोय कुठे आहे ते पाहा.

तपासणी: घरात पसरलेल्या वस्तू जागच्या जागी ठेवायला आता पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागतात का? लागत असतील तर आणखी एक फेरी करा. नसतील तर थांबा. रिकाम्या भिंती हे आपलं उद्दिष्ट नाही.

## टप्पा ५: चांगुलपणाची सुरुवात जवळून आणि लहानातून

आता हाताशी वेळ आहे, डोक्यात थोडी जागा आहे. इथून खरा आनंद सुरू होतो, आणि इथेच मोठं काहीतरी करण्याचा मोह होतो. आवरा तो. पहिला महिना फक्त लहान गोष्टी, आणि त्याही ज्या माणसांत तुम्ही रोज वावरता त्यांच्याशी. अनोळखी माणसांशी गोड आणि घरच्यांशी तुटक, असं फार जणांचं होतं.

पहिला आठवडा: ऐकणं. दिवसातून एकदा, एका माणसाचं बोलणं पूर्ण होईपर्यंत ऐका. मध्ये उपाय सुचवू नका, ‘माझंही असंच झालं होतं’ म्हणून आपली गोष्ट सुरू करू नका. बोलणं संपल्यावर एकच प्रश्न विचारा: ‘तुला यात माझी काही मदत हवी आहे, की फक्त सांगायचं होतं?’ या प्रश्नाने घरातली किती भांडणं टळतात ते करून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

दुसरा आठवडा: नेमके आभार. नुसतं ‘थँक्यू’ तोंडातून सवयीने निघतं आणि तसंच विरून जातं. आभारात तीन गोष्टी असू द्या: समोरच्याने काय केलं, त्यामुळे तुमचं काय सोपं झालं, आणि ते तुमच्या लक्षात आलं. ‘काल तू न सांगता सगळं आवरून ठेवलंस. सकाळी मला दहा मिनिटं निवांत बसता आलं. माझ्या लक्षात आलं ते.’ एवढंच.

ज्या कुणाचे आभार मानायचे राहून गेले आहेत, शिक्षक, जुने सहकारी, दूरचे नातेवाईक, त्यांतल्या एकाला पत्र किंवा सविस्तर निरोप लिहा. ‘त्यांना विचित्र वाटेल’ या संकोचाने आपण थांबतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात नेमकं हेच तपासलं होतं. पत्र लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ते मिळालेल्यांना जास्त आनंद झाला, आणि अवघडलेपण मात्र कमी वाटलं. शब्द किती चांगले जमले याची काळजी लिहिणाऱ्यालाच असते. वाचणाऱ्याला आपली आठवण ठेवली गेली एवढंच दिसतं.

तिसरा आणि चौथा आठवडा: छोटी मदत. ‘कुणालाही मदत करेन’ असं मोघम ठरवू नका. वेळ आणि प्रसंग जोडून ठरवा: ‘कामावर पोहोचलो की पहिल्या भेटणाऱ्या माणसाची नावाने चौकशी करेन.’ ‘रांगेत मागे कुणी घाईत दिसलं तर त्याला पुढे जाऊ देईन.’ मानसशास्त्रज्ञ पीटर गॉल्विट्झर यांनी ‘असं झालं की मी हे करेन’ या पद्धतीवर दीर्घ काळ संशोधन केलं आहे. असा बेत आधी केलेला असला की प्रसंग येताच कृती आठवते, त्या क्षणी वेगळा निर्णय घ्यावा लागत नाही.

शिवाय आठवड्यातला एक दिवस निवडून त्या दिवशी चार-पाच गोष्टी जाणीवपूर्वक करा. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या २००५ सालच्या लेखात सहा आठवड्यांच्या एका प्रयोगाची माहिती आहे. आठवड्याला पाच चांगल्या कृती करायच्या होत्या. ज्यांनी पाचही एकाच दिवशी केल्या त्यांचं समाधान वाढलं, ज्यांनी त्या आठवडाभर विखरून केल्या त्यांचं वाढलं नाही. विखुरलेल्या लहान कृती बहुधा रोजच्या धबडग्यात मिसळून जातात. माझं मत असं की रोजचा चांगुलपणा मोजू नये, तो वागण्याचा भाग होऊ द्यावा, आणि हा एक दिवस मात्र ठरवून राखावा. कृती बदलत्या ठेवा. तीच ती गोष्ट दर आठवड्याला केली की तीही नुसतं एक उरकायचं काम होऊन जाते.

पैसे खर्च करायचेच असतील तर रक्कम लहान ठेवा. एलिझाबेथ डन, लारा ॲकनिन आणि मायकेल नॉर्टन यांनी २००८ साली काही जणांना सकाळी ५ किंवा २० डॉलर देऊन ते संध्याकाळपर्यंत खर्च करायला सांगितले. दुसऱ्यांवर खर्च केलेले लोक स्वतःवर खर्च केलेल्यांपेक्षा संध्याकाळी जास्त आनंदी होते, आणि रक्कम लहान की मोठी याने फरक पडला नाही.

सूचना: केलेल्या मदतीचा फोटो काढू नका, तो कुठे टाकू नका. ज्याला मदत लागली त्याच्या अडचणीची ती जाहिरात होते.

## टप्पा ६: हद्द आखा

चांगली माणसं इथे मोडतात, म्हणून या टप्प्यावर थोडं रेंगाळा.

मदत करण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. मला हे मनापासून करायचं आहे, की नाही म्हणायची भीती आहे? समोरच्याने मागितलं आहे, की मी गृहीत धरतोय? हे तो स्वतः करू शकतो का?

पहिला प्रश्न सर्वांत मोलाचा. नेट्टा वाइनस्टाइन आणि रिचर्ड रायन यांच्या २०१० सालच्या अभ्यासांत स्वतःच्या इच्छेने मदत करणाऱ्यांना समाधान मिळालं, आणि मदत घेणाऱ्यांनाही तिचा जास्त लाभ झाला. दबावाखाली केलेल्या मदतीत हे दिसलं नाही. भिडेपोटी केलेल्या दहा कामांपेक्षा मनापासून केलेलं एक काम बरं.

दुसरा प्रश्न टाळला की मदत लादली जाते. आजारी माणसाला ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणं आपल्याला सोपं पडतं, पण त्याला मागायचा संकोच वाटतो. त्याउलट स्वतःच्या मनाने काहीही करून टाकणंही चुकीचंच. मधला मार्ग असा: दोन ठोस पर्याय पुढे ठेवा. ‘उद्या तपासणीला मी बरोबर येऊ, की तेवढा वेळ घरी मुलांजवळ थांबू? दोन्ही नको असेल तरी चालेल.’ निवड त्याच्या हातात राहते आणि मागण्याचं ओझं उतरतं.

पैसे उसने देताना परत आले नाहीत तरी नातं टिकेल एवढीच रक्कम द्या. त्याहून जास्त द्यायची असेल तर परतफेड कशी, कधी, हे दोघांनी मिळून कागदावर लिहा.

मनात वही उघडली गेली की थांबा. ‘मी त्याच्यासाठी इतकं केलं आणि त्याने साधी चौकशीही केली नाही’ हे वाक्य डोक्यात घोळू लागलं तर तुम्ही झेपेल त्याहून जास्त दिलं आहे. त्या माणसाला दोष देण्याआधी दोन आठवडे मदत कमी करा, झोप आणि विश्रांती भरून काढा. एखादा माणूस सातत्याने तुमचा गैरफायदा घेत असेल, अपमान करत असेल, तर त्याच्याशी अंतर ठेवणं हा निर्दयपणा ठरत नाही.

आणि मदत घ्यायलाही शिका. कायम देणाऱ्याच्याच जागी बसलेला माणूस नकळत इतरांना लहान करतो. आठवड्यातून एकदा कुणाकडे तरी काहीतरी लहानसं मागा: एखादा सल्ला, एखादी वस्तू वापरायला. दिलं की मनापासून घ्या. ‘कशाला उगाच त्रास’ म्हणत ते परत ढकलू नका.

## टप्पा ७: टिकवणं

एका वेळी एकच नवी सवय. मोबाइल खोलीबाहेर ठेवणं अंगवळणी पडल्यावर पुढची घ्या. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे ऐकून लोक बाविसाव्या दिवशी निराश होतात. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० सालच्या अभ्यासात नवी कृती आपोआप व्हायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने विशेष फरक पडला नाही. म्हणून चुकलेला दिवस भरून काढायला दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, फक्त पुन्हा सुरू करा.

अडलं तर कुठे परतायचं

- घर पुन्हा भरतंय: टप्पा ३. पुन्हा आवरायला बसू नका, आधी महिनाभर आवक थांबवा.
- वेळ आहे, पण मोबाइलमध्येच जातोय: टप्पा २ मधला मोबाइलचा भाग.
- मदत करून चीड येतेय: टप्पा ६ मधला पहिला प्रश्न.
- घरचे वैतागलेत: तुम्ही त्यांच्या गोष्टींत हात घातला आहे का, किंवा त्यांच्या खरेदीवर शेरे मारता का, ते पाहा. बोलणं थांबवा. तुमचा बदल त्यांना दिसू द्या.
- सगळं नीट चाललंय, पण सपाट वाटतंय: कृतींत बदल करा, नवी माणसं घ्या. दोन आठवडे उलटूनही खिन्नता हटत नसेल तर पूर्वतयारीतली दुसरी तपासणी पुन्हा वाचा.

तीन महिने झाले की तीच वही काढा आणि पुन्हा सात दिवस तेच तीन रकाने भरा, त्याच प्रामाणिकपणे. मग दोन्ही आठवडे शेजारी ठेवून अधोरेखित नोंदी आणि फुल्या मोजा. मनाच्या रकान्यात ‘घाई’ किती वेळा आहे ते पाहा, आणि वेळेच्या रकान्यात माणसांची नावं किती वेळा आली आहेत तेही. नावं वाढली नसतील तर पुढचे तीन महिने वस्तूंना अजिबात हात न लावता थेट टप्पा ५ पासून सुरू करा.